वास कसा यायलाय, बाळ्या?

अक्का, आज सकाळी आळंदच्या बाजारात रशीदभाईच्या दुकानासमोर मी हात मागे बांधून उभा होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कामून रे, शाळा तपासायला आलायस का मटण घ्यायला?"

तुझा दुखवटा काढायचा होता. आपल्यात तेराव्यानंतर माहेरच्यांनी मटणाचं जेवण घालून घरातल्यांचं तोंड खारं करायचं, तेव्हा दुखवटा उठतो आणि माणसं आपापल्या कामाला लागतात. तुझं माहेर म्हणजे आता मी एकटाच. तेव्हा मटण मीच आणायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. अडचण एवढीच की मला मटणातलं काही कळत नाही हे सगळ्या सोयऱ्यांना पाठ आहे, आणि ते त्यांच्याकडून पाठ करून घेतलंस तूच. प्रत्येक लग्नात, प्रत्येक जावळात, मी समोर बसलेला असताना. "आमच्या बाळ्याला इंग्रजी येतंय, बकरं कळत न्हाई." लोक हसायचे. मीही हसायचो. हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला लोकांच्या हसण्याची सवय असते.

रशीदभाईनं दोन बकरे टांगले होते. एक भरदार, पाठीवर पांढरीशुभ्र चरबी, बघत राहावं असा. दुसरा लहानखुरा, जरा काळपट, वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखा.

"कौनसा काटूं, मास्टर?"

मी मागं वळून बघितलं. मागं तुझी सून सुजाता पिशवी घेऊन उभी होती, नाकाला ओढणी लावून. लिंगायताची पोर, जन्मात अंडं चाखलं नाही. पण तुझा लेक मल्लू डोकं भादरलेला, पाहुण्यांत अडकलेला, तेव्हा "मामा, पिशवी धरायला मी येते की" म्हणून ही निघाली. मेलबर्नहून आल्यापासून तिची झोप झाली नव्हती, आणि आता समोर दोन बकरे टांगलेले. तिच्याकडून सल्ला मिळण्यासारखा नव्हता.

घरी मांडवात पार चिंताकी गावापासूनचे पाहुणे बसलेले. मटण चिवट निघालं, उग्र निघालं, तर माझं नाव जाईल अशी भीती नव्हती, माझं नाव कधी नव्हतंच. पण अक्काच्या दुखवट्याला मटण बिघडलं, असं म्हणतील. ज्या बाईला माणसं गाडी पाठवून बकरा निवडायला न्यायची, तिच्याच जेवणात वाटीभर रस्सा उष्टा राहील. तेवढं मला नको होतं. बाकी काही झालं तरी चाललं असतं.

तुझं नाव उगीच झालं नव्हतं. मादन हिप्परग्याला अप्पांची मेंढरं होती तेव्हा तू त्यांच्यामागं रानात असायचीस आणि मी पाटी घेऊन शाळेत. मलाही आधी रानातच पाठवलं होतं. पण एडक्यानं मला धडक देऊन पाडलं, मी उठलो, त्यानं पुन्हा पाडलं, आणि अप्पांनी तिथंच माझं शिक्षण ठरवलं. तू मात्र मेंढराच्या कमरेवर पंजा ठेवून त्याचं वय, खाणं, दुखणं सांगायला लागलीस. ओठ वर करून दात बघायचीस. ती सवय तुझी पुढंही गेली नाही. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा तू तिला म्हणालीस, "हस की गं जरा." ती हसली, तू दात बघितलेस, आणि बाहेर येऊन मला सांगितलंस, "घे." माझी बायको अजून तो विषय काढते. परवा रडतानाही काढला.

मटणाच्या दुकानात तुझी पद्धत ठरलेली. आधी शेपूट बघायची. आपल्याकडं खाटीक शेपूट ठेवूनच बकरा टांगतो, म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की बकरा आहे, मेंढरू नाही. मग मांडीत बोट दाबायचीस. खड्डा भरून वर आला तर ठीक. आणि शेवटी नाक. नाक लावल्यावर तू जे म्हणशील त्यावर रशीदभाईचा बापही बोलायचा नाही.

मल्लू ऑस्ट्रेलियाला गेला त्याच वर्षी थंडीत तू तापानं पडलीस. उठलीस ती निम्मी होऊन. त्याआधी तू बाजारात एकटी जायचीस. त्या तापानंतर दर रविवारी तुझा निरोप यायला लागला, "बाळ्या, चल, पिशवी धर." मला वाटलं, अंगात ताकद राहिली नाही. मी पिशवी धरायला लागलो, कुणाच्या कार्याचा बकरा निवडायला गेलीस तरी. आणि मग दुकानात तू एक तुकडा उचलून माझ्या नाकाशी न्यायला लागलीस.

"वास कसा यायलाय?"

"मटणासारखा."

"आरं मटणाला मटणावानी येणारच की. कसा यायलाय? दुधावानी, का वल्ल्या लोकरीवानी?"

मी गोंधळायचो. आयुष्यभर पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या, त्याचा सूड दर रविवारी तू घेत होतीस असं मला वाटायचं. हळूहळू मी नीट उत्तरं द्यायला लागलो. ओली लोकर. लोखंडाची कढई. काल काढलेलं दूध. पावसात भिजलेलं पोतं. तू मान वाकडी करून ऐकायचीस, जणू मी काही फार मोठं सांगतोय, आणि मग रशीदभाईला म्हणायचीस, "ह्यो नको, त्यो काप." निर्णय तुझा. टाळ्या तुला. पिशवी मला.

मग मल्लूला मुलगी झाली आणि त्यानं तुला बोलावलं. तू म्हणालीस, "बाळ्या आला तर येते, मला तिथली बोली न्हाई यायची." असा मी दुभाषा म्हणून मेलबर्नला गेलो. गेल्यावर कळलं की माझं इंग्रजी आळंद तालुक्यापुरतंच चालतं. विमानतळावरच्या बाईनं मला काहीतरी विचारलं आणि मी तिला माझ्या शाळेचं नाव सांगितलं. तू शेजारून म्हणालीस, "झालं का बोलून?"

मल्लूच्या घराजवळ ते मोठं दुकान होतं. चिनी, व्हिएतनामी, मलेशियातली, आपल्याकडची, सगळी तिथं खरेदीला यायची. मल्लू त्याला 'एशियन' म्हणायचा, तू 'चिनीबाजार'. एका बाजूला काचेच्या कपाटात मटण, पलीकडं बर्फावर मासे, भिंतीला पाण्याच्या टाक्या आणि टाकीत जिवंत मासे. वरून टांगलेली भाजकी बदकं बघून तू पदर सावरलास, जणू ती सासरकडची होती. मल्लू कामावर, सुजाता शाकाहारी आणि बाळंतीण. तेव्हा दर शनिवारी आपण दोघंच तिथं जायचो.

पहिल्याच दिवशी तू काचेतलं मटण बघून म्हणालीस, "शेपूट कुठंय? इचार त्याला."

मी विचारलं. काउंटरमागचा माणूस व्हिएतनामचा, रबरी बूट घातलेला, माझ्याच वयाचा. त्यालाही इंग्रजी माझ्याइतकंच. तो आत गेला आणि थंडगार पाकीट घेऊन आला. आत मनगटाएवढ्या जाड शेपटीच्या चकत्या. तू चष्मा वर केलास.

"ह्याची शेपटी एवढी, तर बकरं केवढं आसंल रे?"

ते बैलाचं होतं. मी दोन्ही हात हलवून नको म्हणालो. मग डोक्यावर बोटांची शिंगं केली, हनुवटीखाली दाढी केली, आणि दुसरा उपायच नव्हता म्हणून ओरडून दाखवलं. आळंदच्या हायस्कूलचा सहायक शिक्षक, परदेशात, भर दुकानात. त्या माणसानं मान डोलावली आणि कोकराचं मटण पुढं केलं.

"आरं त्ये मेंढराचं वरडणं झालं," तू म्हणालीस. "बकरं आसं वरडतंय व्हय? सरक." आणि अक्का, तू मला बाजूला करून अशी ओरडलीस की कोथिंबीर निवडणारी एक बाई जुडी टाकून बघत राहिली. तो माणूस सरळ दुसऱ्या कपाटाकडं गेला आणि बकऱ्याचं मटण घेऊन आला. तुझ्या तोंडावर जे समाधान होतं ते मल्लूच्या लग्नातही नव्हतं.

त्या दुकानाशी तुझी खरी भांडणं दोन. एक म्हणजे मटणावर लावलेला लालसर दिवा. "ह्या दिव्याखाली मीबी नवरी दिसंन," म्हणून तू पाकीट घेऊन उन्हात बघायला दाराकडं निघायचीस आणि दारावरचा माणूस आपल्यामागं यायचा. दुसरं भांडण टाक्यांशी. लोक काचेवर बोट ठेवून मासा दाखवायचे. तू आधी नुसती उभी राहायचीस. मग म्हणायचीस, "त्यो कोपऱ्यात कळपापासून लांब हुबा हाय, त्यो दुखणाईत. त्याला घेऊ नको." मासा कळपापासून लांब असतो की नाही मला माहीत नव्हतं. पण एकदा त्याच कोपऱ्यातला मासा दुकानदारानं जाळीनं काढला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. तू माझ्या दंडाला कोपर मारलंस.

बर्फावरचे मासे तू एका चिनी म्हातारीकडून शिकलीस. ती चिमट्यानं कल्ला उचलायची, तूही उचललास. लाल पाहिजे. डोळा फुगीर पाहिजे, खोल गेलेला नको. बोटानं दाबलेलं वर यायला पाहिजे. "आपल्या मांडीवानीच हाय की ह्ये," तू खूश. ती म्हातारी चिनी बोलायची, तू मराठी, मध्येच कानडी, आणि दुभाषा बाजूला ट्रॉली धरून उभा. शेवटी मला मात्र बर्फावर वाकावं लागायचं.

"वास कसा यायलाय?"

"नदीसारखा."

"कंच्या? आपल्या आमर्जाचा, का भीमेचा?"

"भीमेचा. पूर ओसरल्यावरचा."

"मग नको."

आणि मग ती कोळंबी. अक्का, आपला हा वाद तू अर्धवट टाकून गेलीस.

त्या शनिवारी मला सर्दी होती. कोळंबीचे दोन ढीग होते, एकाची डोकी स्वच्छ, एकाची काळी पडलेली. तू काळी निवडलीस. का, तर काळ्या बकऱ्याचं मटण गोड असतं. हे तू मला असं सांगितलंस जसं काही ते पुस्तकात आहे. मग मूठभर कोळंबी माझ्या नाकाशी. मी सांगितलं, "अक्का, नाक बंद आहे." तू म्हणालीस, "जरा जोर लावून घे की." मी जोर लावला. "वाईट काही येत नाही," मी म्हणालो. खरंच येत नव्हतं. चांगलंही येत नव्हतं.

रात्रीपासून तू, मी आणि मल्लू आळीपाळीनं. घरात संडास एकच. सुजाता तेवढी धडधाकट, कडेवर पोर घेऊन आपल्या तिघांना मीठ-साखरेचं पाणी देत फिरत होती. आणि तू सोफ्यावर आडवी पडून कण्हत काय म्हणालीस? "बाळ्याच्या नाकानं घात केला."

"माझ्या नाकानं? काळी डोकी कुणी निवडली?"

"वास कुणी घेतला?"

हा वाद विमानात चालला, हैदराबादहून येताना गाडीत चालला, आळंदला चालला. प्रत्येक कार्यात तू लोकांना सांगायचीस, ह्याच्या नाकानं आम्हाला परदेशात आडवं केलं. मला अन्याय वाटायचा, हसताना सुद्धा. निवड तुझी, बोट तुझं, काळ्या बकऱ्याचा नियम तुझा. नाक म्हणजे वर एक शिक्का. सगळा दोष शिक्क्याला कसा? मागच्या महिन्यात तू खाटेवर होतीस तेव्हा मी मुद्दाम सांगितलं, "अक्का, सोलापूरच्या मासेवाल्याला विचारून आलोय. कोळंबीचं डोकं काळं पडलं म्हणजे ती शिळी." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आसंल. पर नाक तुझंच व्हतं." त्यानंतर आपलं धड बोलणं झालं नाही. पाणी दे, उशी सरकव, एवढंच.

तर आज सकाळी मी त्या दोन बकऱ्यांसमोर हात मागे बांधून उभा, आणि सुजाता ओढणीतून म्हणाली, "मामा, वास घ्या की."

"घेऊन काय करू? मी वास सांगायचो, ठरवायची अक्का."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "त्यांना वास येतच नव्हता."

सुऱ्याला धार लावणारा रशीदभाईचा हात थांबला.

सुजातानं सांगितलं ते असं. मेलबर्नला एकदा ती पोरीला न्हाऊ घालत होती आणि स्वयंपाकघरात दूध करपलं. घरभर वास. ती पळत आली तर तू शेगडीशेजारी बसून निवांत लसूण सोलत होतीस. तिनं पातेलं उतरवलं आणि तुझ्याकडं बघितलं. तू तिचा हात धरलास आणि कानडीत सांगितलंस की त्या तापात नाक गेलं. डोळे आहेत, हात आहे, नाक नाही.

"मग बाहेर कुणाला बोलला का नाही, विचारलं मी," सुजाता म्हणाली. "तर म्हणाल्या, नाक गेलं म्हणून कळलं तर मला कार्याला कोण बोलवील? आणि बाळ्याचं नाक हाय की, चांगलं हाय. पण त्याला सांगू नको. सांगितलं तर त्यो भिईल, आन् भिऊन काहीबाही सांगंल."

बघ, किती ओळखून होतीस. मी खरंच भ्यालो असतो.

मी तिथं उभ्या उभ्या मनानं मागं जायला लागलो. त्या तापानंतरची सगळी लग्नं, सगळी जावळं. चिंताकीच्या पाहुण्यांकडचं ते मटण, ज्याची लोक अजून आठवण काढतात, त्याचा वास घेतला होता मी. "काल काढलेलं दूध" असं म्हणालो होतो, आठवतं. आणि त्याच पंगतीत तू सगळ्यांना सांगितलंस की बाळ्याला बकरं कळत नाही. लबाड बाई. आणि त्याच पंगतीत तू बोटं चाटत "झकास झालंय" म्हणालीस, तेव्हा तुझ्या तोंडात नुसतं मीठ आणि तिखट होतं. माझ्या बायकोला दर वेळी विचारायचीस, "मसाला भाजलेला बराबर हाय न्हवं?" तिला वाटायचं तू तिच्यात खोट काढतेस. तू बिचारी खरंच विचारत होतीस.

कोळंबीचंही कळलं. मला वाटत होतं तू दोष माझ्यावर ढकलतेस. पण तुझ्या बाजूनं बघितलं तर त्या अख्ख्या दुकानात तुला एकच नाक होतं, आणि त्याला त्या दिवशी सर्दी होती.

सुजाताला मी विचारलं, "तुला आमच्या मासळीचा एवढा त्रास व्हायचा, तरी तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस."

"त्या मला विचारायच्या," ती म्हणाली, "पोरीच्या टाळूला नाक लावून. म्हणायच्या, वास कसा यायलाय सांग की गं. मी सांगायची. खोबरेल. दूध. कधी नुसतं ऊन लागल्यासारखा. मग त्या पुन्हा नाक लावायच्या." तिनं ओढणी नाकावरून डोळ्यांकडं नेली. "तसं विचारणाऱ्या माणसाला मासळीचं काय बोलायचं?"

मग मी हात सोडले. आधी तो भरदार बकरा. बोट दाबलं, वर आलं. नाक नेलं. अक्का, दिसायला राजा, पण वास उग्र, जून बोकडाचा, ओल्या लोकरीच्याही पलीकडचा. मग तो मागच्या बाकावरचा. शेपूट बघितली, तू म्हणशील म्हणून. मांडी दाबली. वास घेतला. दूध. कालचं नव्हे, आजचं. आणि मागं थोडासा वाळला कडबा.

"हा काप, रशीदभाई."

"पक्का? बड्डा नक्को?"

"नक्को."

रशीदभाईनं लहान्याला खाली घेतलं. "हौ," तो म्हणाला. "अक्का भी यहीच लेते."

कोळंबीचा वाद मी सोडलाय असं समजू नकोस. सर्दी माझी, कबूल. पण काळी डोकी तुझी. ते मी वर आल्यावरही बोलणार आहे, आणि तो सोलापूरचा मासेवालाही कधीतरी येईलच तिकडं, साक्षीला.

आता मांडवात पंगत बसलीय. तुझं पान आधी वाढून कोपऱ्यात ठेवलंय, ज्वारीची भाकरी, रस्सा, वर कांद्याची फोड. चिंताकीचे पाहुणे दुसऱ्यांदा रस्सा मागायलेत. मल्लूनं आल्यापासून पहिल्यांदा पोटभर खाल्लं. एकानं मला विचारलं, मटण कुणी निवडलं? मी म्हणालो, अक्कानं. त्यानं मान डोलावली, जसं काही ते शक्यच आहे.

तुझ्या पानाशेजारी मी जरा टेकलोय. तू विचारायच्या आधी सांगतो. मसाला चांगला भाजलाय, खोबरं जरा जास्तच. लसूण आहे. भाकरीला तव्याचा वास आहे. रस्सा तळाला थोडा लागलाय, तुझी भावजय कबूल करणार नाही. मटण दुधावानी. लोकरीचा वास बिलकूल नाही. माझं नाक वाहायलंय खरं, पण सर्दी न्हाई, अक्का.